अण्णांच्या बाटल्या आणि फ्रिजचं खोकं

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करत होतो तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. जड होती. आईला वाटलं, चांदीची भांडी असणार. बाबांना वाटलं, घराचे कागद असतील. उघडली तर आत गुजराती वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या अकरा रिकाम्या बाटल्या. आई "एवढंच?" म्हणून खाली निघून गेली. बाबांनी एक बाटली उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. "अण्णांच्या," म्हणाले. बस्स.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. रावपुऱ्यातल्या एका दवाखान्यात त्यांनी कंपाउंडरकी केली. आजच्या मुलांना कंपाउंडर म्हणजे काय हे सांगावं लागतं. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि आतल्या खोलीत कंपाउंडर वेगवेगळ्या बुधल्यांतून मापून मिक्श्चर तयार करायचा. पेशंट घरूनच बाटली घेऊन यायचा. मग तिच्यावर मात्रेची पट्टी लागायची. एक अरुंद कागद घ्यायचा, त्याच्या सारख्या घड्या घालायच्या, कडेला कात्रीने तिरपा छेद द्यायचा आणि उलगडायचा, की करवतीसारखे दाते तयार. ही पट्टी खळीने बाटलीवर उभी चिकटवायची. एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंत एक डोस. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही दाते मोजता येतात. अकरा बाटल्यांपैकी सहांवर अशा पट्ट्या अजून होत्या. पिवळ्या पडलेल्या, कडांना कसरीने खाल्लेल्या, पण होत्या.

पुण्याच्या आत्याला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "फोटो पाठव." या दोन शब्दांपायी माझा अख्खा पावसाळा गेला.

पहिला फोटो जेवणाच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली, मोबाइलवर काढला. त्यात दोन ट्यूबलाइट आल्या, खिडकीचे गज आले, पंखा आला, आणि बारकाईने पाहिलं तर बनियनमधला मीही आलो. बाटली तेवढी आली नाही. आत्याचं उत्तर आलं, "खिडकी छान आहे. बाटली कुठे?"

मला वाटलं, उजेड कमी पडतोय. इथेच मी फसलो, आणि माझ्यासारखे बहुतेक सगळे इथेच फसत असावेत. मंडपवाल्या ओळखीच्या माणसाकडून ५०० वॅटचा हॅलोजन आणला. बाटलीच्या पोटावर एक पांढरा जळका डाग पडला, बाकी बाटली होती तशीच अदृश्य. प्रकाश जरा मऊ व्हावा म्हणून हॅलोजनपुढे बटर पेपर धरला, तर पाच मिनिटांत तो तपकिरी होऊन वास सुटला. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काही लागलंय का करपायला?" हॅलोजन दुसऱ्या दिवशी परत गेला. मग ऑनलाइन एक घडीचा तंबू मागवला, पांढऱ्या कापडाचा, आत दिव्यांच्या पट्ट्या. चप्पल, घड्याळ, गणपती यांचे फोटो त्यात झकास आले. बाटली मात्र दुधात पडल्यासारखी दिसायची, कारण चहूकडे पांढरं असलं की काचेला कडाच उरत नाहीत.

काचेचा स्वभाव समजायला मला महिना लागला. लाकडावर, कागदावर, कापडावर उजेड पडला की तो सगळीकडे विखुरतो, त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत येतो आणि वस्तू दिसते. काच असं काही करत नाही. समोरून आलेल्या प्रकाशातला जेमतेम चार टक्के तिच्या एका पृष्ठभागावरून परत फिरतो, तोही आरशासारखा, ज्या कोनाने आला त्याच कोनाने. बाकीचा आरपार निघून जातो. म्हणजे बाटलीवर कितीही दिवे मारा, बाटली उजळत नाही. फार तर दिव्याचंच चित्र तिच्यावर उमटतं. आपण ज्याला काच दिसली असं म्हणतो ती खरं तर तिच्या मागची आणि बाजूची दुनिया असते, वाकून, दबून, ताणून आलेली.

हे मला इतक्या नीट शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. न्यायमंदिराच्या बाजूला पूर्वी स्टुडिओ चालवणारे एक काका आहेत, ते पासपोर्ट फोटो काढता काढता निवृत्त झाले. त्यांना माझे फोटो दाखवले. ते म्हणाले, "बाटलीला कशाला मारतोस? मागच्या भिंतीला मार." आणि चहा मागवला.

शेजाऱ्यांनी त्याच आठवड्यात नवा फ्रिज घेतला होता. त्याचं खोकं त्यांच्या दारात उभं होतं, ते मी मागून आणलं. खोक्याच्या एका बाजूला चौकोनी खिडकी कापली. तिच्यावर रावपुऱ्यातून आणलेला ट्रेसिंग पेपर ताणून लावला, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी. आत नऊ-नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब होल्डरला लावून, थर्मोकोलच्या तुकड्यांकडे तोंड करून ठेवले, म्हणजे प्रकाश थेट न येता उसळून येईल. दिवा लावला तर मोठा चौकोनी आकाशकंदील झाला. आईने दारात उभं राहून पाहिलं. "आकाशकंदील आश्विनात लावतात रे," म्हणाली, "तू श्रावणातच?"

बाटली या उजळ कागदाच्या दोन हात पुढे, एका स्टुलावर. कॅमेरा त्याच्याही पुढे, तिकाटण्यावर. माझा कॅमेरा जुना, कुणीतरी वापरून विकलेला, ५० मिलिमीटरची लेन्स. पहिल्या फोटोत बाटली आली, पण पुचाट. कडा करड्या, वितळल्यासारख्या. मग यातली खरी मेख कळली, आणि ती मला अजूनही एखाद्या कोड्याच्या उत्तरासारखी आवडते. उजळ कागद फोटोच्या चौकटीपुरताच हवा, त्याच्या बाहेर तसूभरही नको. बाटली मधोमध बऱ्यापैकी सरळ असते, तिथून मागचा पांढरा कागद जसाच्या तसा दिसतो. कडेला मात्र काच वळते, आणि वळणातून येणारा प्रकाश इतका वाकतो की कॅमेऱ्याला तिथे चौकटीबाहेरचं काहीतरी दिसतं. तिथे काळं असेल तर कड काळी दिसते. बघा, म्हणजे बाटलीची रेषा काढणारी पेन्सिल फोटोच्या बाहेर ठेवलेली असते!

ट्रेसिंग पेपरच्या चारी बाजूंनी काळे कार्डशीट लावत आत आत आणत गेलो. चौकटीच्या कडेशी पोचले आणि बाटलीभोवती एक बारीक, काळीभोर, एकसंध रेषा उमटली. जणू कुणी बोरूने काढली. खांद्याचा उतार, मानेतली किंचित वाकडी घडण, तळाचा जाड भिंगासारखा थर, काचेत अडकलेले दोन बुडबुडे, सगळं दिसलं. साच्याचा जोडही दिसला, अंगावरून उभा चढत गेलेला. दोन बाटल्यांत हा जोड ओठाच्या खालीच संपतो, म्हणजे त्यांचा ओठ साच्यात नाही, मागून हाताने वळवलेला. बाकीच्यांत तो थेट वरपर्यंत जातो, त्या यंत्राच्या. काचेतली हिरवट झाकही तेव्हाच कळली. रेतीतल्या लोखंडामुळे ती येते. टेबलावर त्या बाटल्या पांढऱ्याच वाटत होत्या.

सगळं चित्रीकरण रात्री. दिवसा खिडकीतून काही ना काही काचेत घुसतंच, चादरी लावून पाहिलं तरी. शिवाय मी स्वतः बाटलीत दिसू नये म्हणून काळा शर्ट आणि काळी पँट. बोटांचे ठसे पडू नयेत म्हणून हातात पांढरे सुती मोजे. आता कल्पना करा, सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावर रात्री साडेअकराला सगळे दिवे बंद, आत एक पांढरा चौकोन झळकतोय आणि काळ्या कपड्यांतला माणूस मोजे घालून बाटलीपुढे वाकलाय. खाली वॉचमनने दोनदा टॉर्च मारला.

त्यात हे गुजरात. राज्य १९६० मध्ये झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. बाटली हा शब्दच बडोद्यात जरा आवाज खाली आणून बोलायचा. मी सरावासाठी इकडून तिकडून रिकाम्या बाटल्या जमवायला लागलो होतो, सरबताच्या, व्हिनेगरच्या, खोबरेल तेलाच्या, आणि त्या गॅलरीत ओळीने ठेवल्या होत्या. एक दिवस शेजारच्या बेनने जिन्यात थांबवून अतिशय हळुवारपणे विचारलं, "भाई, घरमां बधुं बराबर छे ने?" मी म्हटलं, हो, का? त्यांनी नुसतं गॅलरीकडे पाहिलं. भंगारवाला तर तेवढाही संकोच करत नव्हता. दर रविवारी दार वाजवून, "साहेब, खाली थई?" विचारायचा. रिकाम्या झाल्या का, याची त्याला माझ्याहून जास्त घाई.

उलटा प्रकारही करून पाहिला. मंगळबाजारातून काळं मखमल आणलं, उजळ खिडकीच्या बरोब्बर मध्ये तेवढ्याच चौकटीपुरतं टांगलं, आणि उजेड फक्त त्याच्या कडेकडेने येऊ दिला. मग काळ्यावर बाटलीच्या कडा पांढऱ्या पेटतात. दिसतं फार भारी. लोकांना हेच आवडतं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर अंगठेही यालाच जास्त आले. मला नाही आवडलं. अण्णांची खोकल्याची बाटली त्यात महागड्या अत्तरासारखी दिसायला लागली. शिवाय काळ्या पार्श्वभूमीवर धुळीचा एकेक कण चांदणीसारखा उठून दिसतो, आणि जुन्या काचेचं धुणं हे वेगळंच प्रकरण आहे, कारण पट्टी असलेली बाटली पाण्याखाली धरता येत नाही.

अकरांत एक निळी आहे, सहा बाजूंची, अंगावर उभ्या रेघांचे कंगोरे असलेली. ही विषारी औषधाची, म्हणजे पोटात घ्यायच्या नव्हे, बाहेरून लावायच्या औषधाची. रात्री कंदिलाच्या उजेडात चुकून हात गेला तरी बोटांना कळावं म्हणून ते कंगोरे. आणि तीन तपकिरी आहेत. या तिघींनी फार छळलं. तपकिरी काच निळा आणि जांभळा प्रकाश गिळते, म्हणून तर उजेडाने बिघडणारी औषधं तिच्यात ठेवत. माझ्या खोक्यापुढे त्या कोळशासारख्या दिसायच्या. उपाय काकांनीच सांगितला. चॉकलेटच्या चांदीचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा, बाटलीच्या आकारापेक्षा थोडा लहान कापायचा आणि बाटलीच्या पाठीशी, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, तिरपा उभा करायचा. तो वरून एका छोट्या टॉर्चचा उजेड पकडून बाटलीतून पुढे फेकतो. मधासारखा रंग पेटला. त्या क्षणी बाबा पहिल्यांदा खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"ही अशी बाटली कलाभवनात असायची," ते म्हणाले. बाबांचे कुणी मामा तिथे शिकलेले. फोटो धुवायचं रसायनही तपकिरी बाटलीतच ठेवत.

कलाभवनाचं नाव निघालं की माझं डोकं भरकटतं. दांडिया बाजारातला माणूस कलाभवनावर वाढतो, आता तिथे इंजिनीअरिंग कॉलेज असलं तरी. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये हे तांत्रिक शिक्षणाचं विद्यालय सुरू केलं आणि त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती दिलं. दादासाहेब फाळके, सिनेमा काढण्याच्या कितीतरी आधी, इथे शिकत होते. फोटोग्राफीकडे ते वळले ते इथेच, आणि स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायची मुभा त्यांना गज्जरांनी दिली. त्या काळचा फोटो काचेवरच निघायचा, रसायन लावलेल्या काचेच्या तुकड्यावर. म्हणजे काचेतून काचेवर. याच गज्जरांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. चाफेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, ते कुणाकडून निघेना, ते गज्जरांनी काढलं. देशभक्तीच्या दृष्टीने अवघड प्रसंग, पण बाटलीवरचा पन्नास वर्षांचा राप काढताना मला त्या माणसाबद्दल नुसताच आदर वाटतो. पुढे १९०७ मध्ये अलेम्बिक कंपनी निघाली तिच्या मुळाशीही गज्जर होतेच. अलेम्बिक म्हणजे अर्क गाळायचं भांडं, आणि कंपनीची सुरुवातही अल्कोहोल आणि टिंक्चरपासून. नंतर त्याच कंपनीची काचही बडोद्यात बनायला लागली. 'येरा'चे ग्लास आमच्याकडे पाहुण्यांसाठी कपाटात असायचे, आणि फुटले की आई "येराचा होता!" असं ज्या स्वरात म्हणायची, त्या स्वरात ती माझ्या मार्कांबद्दलही बोलली नाही. औषधाच्या आणि काचेच्या गावात अण्णा कंपाउंडर झाले यात नवल नव्हतं.

असो. बाबा खुर्चीत बसले ते रोज बसायला लागले. आधी पेपर घेऊन, मग पेपरशिवाय. काळं कार्डशीट धरायचं काम त्यांच्याकडे गेलं. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, सूतभर सरकव म्हटलं की सूतभरच सरकवायचे. अण्णांबद्दल काही विचारलं तर "शिस्तीचे होते" एवढंच. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, त्याच्या पुढे बाबा कधी जात नाहीत.

अडलं ते पट्टीपाशी. मागून उजेड आला की काच सुंदर, पण कागदाची पट्टी काळी ठिक्कर. पुढून उजेड दिला की पट्टी दिसते आणि काचेवर दिव्याचा डाग पडतो. दोघींना एकदम खूश करता येईना. आईच्या पावडरच्या डबीतला गोल आरसा काढून त्याने फक्त पट्टीपुरता कवडसा टाकला. हे बरंच जमलं. पट्टीचा पिवळा रंग आला, खळीचे ओघळ आले, कात्रीचे छेद आले. अण्णांची कात्री एका बाजूला जरा बोथट असावी, प्रत्येक तिसऱ्या दात्याचं टोक फाटल्यासारखं आहे. आत्याला तो फोटो पाठवला. तिने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं, "बडीशेपेचा वास आला."

एवढ्यावर थांबलो असतो तर हे खोकं केव्हाच भंगारात गेलं असतं. पण पट्टीवर काही करडे डाग होते, ते आरसा काढला की, म्हणजे नुसत्या मागच्या उजेडात, जास्त ठळक दिसायचे. आधी वाटलं, मळ. मग वाटलं, बुरशी. फोटो मोठा करून पाहिला तर डागांना वळणं होती. बाबा चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनवर वाकले. "उलटं आहे ते," म्हणाले. "अक्षर आहे. मागच्या बाजूला लिहिलंय, काचेकडे तोंड करून."

अण्णांनी कोरा कागद कशाला वाया घालवला असता! कुणाची तरी वापरलेली पानं कापून पट्ट्या केल्या होत्या, लिहिलेली बाजू आत. शिसपेन्सिलीचं होतं म्हणून खळीत विरघळलं नाही.

आता पट्टी सोडवायची नाही, हे आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं. बाटली फिरवून पट्टी मागे घेतली, म्हणजे काचेतून पलीकडची लिहिलेली बाजू सुलट दिसावी. दिसली, पण फार बारीक, आणि पट्टी जेमतेम बोटभर रुंद. मग मला पाण्याचं सुचलं. पाण्याने भरलेली गोल बाटली म्हणजे उभं भिंगच. तिच्या मागच्या भिंतीला चिकटलेलं काहीही आडवं फुगून, रुंद होऊन दिसतं. ही नेमकी गोल बाटली होती, चपटी नव्हती. बाबांनी नरसाळं आणलं. पट्टीवर थेंब पडू नये म्हणून त्यांनी बाटलीच्या मानेला रुमाल बांधला. बारीक धारेने पाणी भरलं, बुडबुडे बसायची वाट पाहिली. भरल्यावर बाटली खोलीच ओढून घ्यायला लागली, दाराची फट, माझी कोपरं, सगळं कडेला डोकावलं. काळी कार्डशीटं पुन्हा सरकवली. कॅमेरा एफ ११ वर, शटर अर्धा सेकंद उघडं, आयएसओ १००. एलईडी दर सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, शटर झपकन मारला की फोटोत पट्टे येतात. अर्ध्या सेकंदात ते पुसले जातात. टायमर लावून दोघेही श्वास धरून उभे राहिलो.

स्क्रीनवर दात्यांच्या मधे, एकाखाली एक, पेन्सिलीचे तुटके शब्द आले. 'शेरास'. त्याखाली '६ आणे'. त्याखाली 'तर ५'. अगदी खाली, अर्धं कापलेलं, 'उत्त'.

मी त्रैराशिक म्हणेपर्यंत बाबा खुर्चीतून उठले होते.

"हा माझा 'श' आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"पोट सुटलेला. गोडबोलेमास्तर... नाही, नाव नको, गेले बिचारे. ते म्हणायचे, तुझा श जेवून आलाय." ते परत स्क्रीनकडे वाकले. आवाज चढला. "चौथीत होतो मी. वहीतलं पान गायब. मास्तरांनी विचारलं, गणितं केलीस तर पान कुठाय? मी म्हटलं, केली होती, पान माहीत नाही. खोटं बोलतोस म्हणून दोन छड्या. घरी येऊन अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, वही नीट सांभाळावी."

ते हॉलमध्ये गेले. तिथे अण्णांचा हार घातलेला फोटो आहे. बराच वेळ आवाज नाही. मी खोक्यातले दिवे बंद करावे की नाही, या विचारात उभा होतो. आई आतून म्हणाली, "झालं का तुमचं? बारा वाजले."

बाबा आले ते पट्टीच्या आणखी दोन बाटल्या छातीशी धरून, आणि हाताच्या मुठीत नरसाळं. काळं कार्डशीट त्यांनी स्वतःच जागेवर लावलं, सूतभर सरकवलं.

"भर," ते म्हणाले. "उत्तर कुठल्या बाटलीवर आहे ते बघू."